खोकल्याची बाटली उघडण्यापूर्वी

मार्गशीर्ष-पौषात येडगाव धरणाच्या फुगवट्यावरचे धुके सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. शेतात कांद्याच्या लागणीची घाई असते, द्राक्षबागांत फवारण्या चालू असतात, आणि नारायणगावच्या बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत एकच मागणी दिवसभर ऐकू येते, "सर्दीची गोळी द्या." गोळी कोणाला हवी, त्याचे वय काय, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही बहुधा विचारत नाही. गोळी चहाबरोबर पोटात जाते. चार दिवसांनी बरे वाटले की श्रेय गोळीला मिळते.

ते श्रेय वस्तुतः शरीराचे असते. साधी सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंपैकी कोणत्याही एकाने होते आणि सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते. हा विषाणू मारणारे औषध दुकानात मिळत नाही. जे मिळते ते लक्षणे दाबणारे औषध होय. एक नाकाचे पाणी थांबवते, दुसरे चोंदलेले नाक मोकळे करते, तिसरे अंगदुखी व ताप उतरवते, चौथे खोकल्याची उबळ दाबते. म्हणून खरा प्रश्न "सर्दीला काय घेऊ" हा नसून "कोणते लक्षण दाबायचे आहे, आणि ते दाबणे या माणसाला झेपेल काय" हा आहे. पिवळा किंवा हिरवा शेंबूड दिसला म्हणून अँटिबायोटिक मागणारेही पुष्कळ आहेत. शेंबडाचा रंग बदलणे हा साध्या सर्दीतला नेहमीचा प्रकार आहे. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही.

सिस्टर काय विचारतात?

रुग्णालयात औषध देण्यापूर्वी परिचारिकेने पाच गोष्टी बरोबर असल्याची खात्री करायची असते. रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर आणि देण्याचा मार्ग बरोबर. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून हे पाठ करून घेतले जाते. घरी सर्दीचे औषध देताना यांतील एकही गोष्ट आपण पाहत नाही. थोरल्यासाठी आणलेली बाटली धाकट्याला चालते, आजोबांची गोळी सुनेला चालते. खरे तर सर्दीची औषधे दुकानातून चिठ्ठीशिवाय उचलली जातात, म्हणून तेथे ही खात्री अधिक हवी. चांगली सिस्टर आणखी काही विचारते. रक्तदाब आहे का? लघवीला अडते का? काचबिंदू आहे का? अंगावर पिते मूल आहे का? दारू घेता का? आणि गाडी चालवता का? या प्रश्नांमागील कारणे समजून घेतली तर अर्धे औषधशास्त्र कळल्यासारखे आहे.

सर्दीच्या गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांतले नाव पाहू नका. मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन हे त्रिकूट असते. काहींत कॅफिनही घालतात. नावे पन्नास, माल तोच.

यांतील क्लोरफेनिरामिन हे जुने औषध. ऍलर्जीच्या वेळी शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते, त्याने नाक वाहते, शिंका येतात, खाज सुटते. क्लोरफेनिरामिन हिस्टामिनला अडवते. पण ते मेंदूतही शिरते आणि तेथे गुंगी आणते. प्रौढ माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे वीस तास लागतात. म्हणजे रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून क्रेट भरून रात्री वाशीकडे निघणाऱ्या पिकअपच्या चालकाने ही गोळी घेणे म्हणजे घाटात डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखे आहे. "मला नाही झोप येत" असे पुष्कळजण म्हणतात. झोप आल्यासारखे वाटले नाही तरी ब्रेकवर पाय जाण्यास क्षणभर उशीर होतो, आणि हा उशीर चालकाला स्वतःला कळत नाही. त्यावर थोडी दारू असेल तर बोलायलाच नको. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

याच औषधाचा दुसरा गुण म्हणजे सर्वत्र कोरडेपणा आणणे. नाक सुकते, तसे तोंडही सुकते, शौचास खडा होतो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या वयस्कर माणसाची लघवी अडू शकते. साठी उलटलेले गृहस्थ दिवसभर सर्दीच्या गोळ्या घेतात आणि रात्री पोट फुगून, लघवी तुंबून दवाखान्यात येतात, नळी घालावी लागते. रुग्णाला व नातेवाइकांना सर्दीची गोळी आणि लघवी यांचा संबंध सांगूनही खरा वाटत नाही. काचबिंदूच्या एका प्रकारात याच कारणाने डोळ्यातील दाब एकदम वाढतो.

फेनिलेफ्रिनची गोष्ट वेगळीच आहे. नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळे करावे, या हेतूने ते गोळीत घालतात. परंतु तोंडाने घेतल्यावर त्याचा बराच भाग नाकापर्यंत पोहोचण्याआधीच आतड्यात व यकृतात नष्ट होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले की, नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही. आपल्याकडे गोळ्या अजून तशाच विकल्या जातात. रक्तदाबाच्या रुग्णाने तर निरुपयोगी आणि वर रक्तदाब वाढवू शकणारे औषध घेण्यात काय हशील?

राहता राहिले पॅरासिटामॉल. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे, म्हणूनच त्यातला धोका लक्षात येत नाही. सर्दीच्या एका गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम असते. दिवसातून तीन-चार गोळ्या, ताप उतरत नाही म्हणून वेगळी तापाची गोळी, अंग दुखते म्हणून तिसरीच एखादी गोळी, आणि या तिन्हींत पॅरासिटामॉल! धडधाकट प्रौढाने चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची, मर्यादा ओलांडू नये. वजन कमी असेल, दारूचे व्यसन असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा याहून खाली येते. ती ओलांडली तर यकृतास इजा होते आणि पहिला दिवस-दीड दिवस फारसे काही जाणवतही नाही.

नाक मोकळे करणारे थेंब मात्र खरोखर काम करतात. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब टाकले की दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. त्यामुळेच लोक त्यांच्या आहारी जातात. तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरून हे थेंब बंद केले पाहिजेत. त्यापुढे वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. वर्षानुवर्षे खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसे आहेत. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब कोणत्याही दुकानात मिळतात, कितीही दिवस वापरता येतात आणि तान्ह्या मुलालाही चालतात. त्यांची जाहिरात होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

सर्दी की ऍलर्जी?

दहा दिवसांत उतरते ती सर्दी. ताप नाही, पण सकाळी उठल्याबरोबर दहा-वीस शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळ्यांना व टाळूला खाज, आणि हे महिनोन् महिने, अशी तक्रार असेल तर ती बहुधा ऍलर्जी होय. आपल्या भागात तिला खाद्य भरपूर. बाजरीची, सोयाबीनची मळणी, बराखीतला कांदा निवडताना उडणारी काळी बुरशी, गोठ्यातली धूळ, जुन्या गोधड्या, आणि कालव्याच्या कडेने माजलेले गाजर गवत. या परदेशी गवताची नोंद आपल्या देशात प्रथम १९५० च्या दशकात पुण्यात झाली. आता ते कोठे नाही असे शिवार दाखवणे कठीण. त्याच्या स्पर्शाने अंगावर चट्टे उठतात आणि परागांनी नाक वाहते. तोंडाला ओला पंचा किंवा मास्क बांधून बराखीत शिरणे हा अर्धा उपचार आहे, आणि तो फुकट आहे.

गोळी लागलीच तर क्लोरफेनिरामिनपेक्षा नवी औषधे बरी. सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिन दिवसातून एकदा पुरतात. झोप कमी आणतात, पण आणतात, म्हणून रात्रीच घ्यावीत. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही, वाहनचालकाला त्यातल्या त्यात तेच योग्य. मात्र ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास ते अंगात कमी भिनते. लिव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळीही हल्ली सर्रास खपते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना भयंकर स्वप्ने, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात, आणि याबाबत सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेत २०२० मध्ये निघाला. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिले असेल तर जरूर घ्यावे, पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून घेऊ नये. गोळी सुरू केल्यावर शाळकरी मुलाचा स्वभाव बदललेला वाटला तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

ऍलर्जीने वर्षभर नाक वाहणाऱ्यांना सर्वांत उपयोगी पडतो तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. त्याचा गुण पहिल्या दिवशी दिसत नाही, आठ-पंधरा दिवस नेमाने मारावा लागतो. येथेच घोटाळा होतो. दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणून लोक तो टाकून देतात. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरावे, नाही तर नाकातून रक्त येते. याउलट बाजारच्या दिवशी घेतलेले ताबडतोब गुणाचे इंजेक्शन सर्वांना आवडते. अशा इंजेक्शनात पुष्कळदा ऍलर्जीच्या औषधाबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते. घोटभर वेळात माणूस ताजातवाना होतो. तेच दर पंधरवड्याला घेत राहिल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतूंशी लढण्याची ताकद घटते. सुई टोचून घेण्यापूर्वी "यात स्टेरॉइड आहे का?" असे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

खोकला शत्रू नव्हे

खोकला ही छातीची झाडलोट आहे. कफ सुटत असेल तर खोकला दाबणे म्हणजे केर सतरंजीखाली सारणे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे मेंदूतील खोकल्याचे केंद्र शांत करणारे औषध, कोरड्या ढासेने रात्रभर झोप न येणाऱ्या मोठ्या माणसाला थोडे दिवस चालेल. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दोन्हींची गाठ पडली की घातक परिणाम होऊ शकतात. कोडीनयुक्त औषधाची सवय लागते. ते चिठ्ठीशिवाय मागू नये आणि बारा वर्षांखालील मुलाला देऊ नये. कफ पातळ करणारी ब्रोमहेक्झिन, ऍम्ब्रॉक्झॉल ही औषधे वेगळ्या गटातली. वाचकांना गंमत वाटेल, ब्रोमहेक्झिन हे आपल्या बांधावरच्या अडुळशातील द्रव्यावरून तयार केलेले आहे आणि ऍम्ब्रॉक्झॉल हे ब्रोमहेक्झिनचेच पुढचे रूप. आजीचा काढा परदेशी प्रयोगशाळेतून फिरून बाटलीत आला म्हणायचा! काही बाटल्यांत मात्र खोकला दाबणारे आणि कफ सोडवणारे अशी दोन्ही औषधे एकत्र घातलेली असतात. एकाने दार उघडायचे आणि दुसऱ्याने लावायचे, असला हा प्रकार. काहींत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असते, त्याने हात कापतात, छातीत धडधडते. रुग्णाला वाटते हृदयाचा झटका आला.

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर तिसरी बाटली आणू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. खोकल्याच्या औषधाने क्षय बरा होत नाही, तो फक्त लपतो आणि तोवर घरातल्यांना लागतो. रात्री छातीत घरघर, शिट्टी वाजल्यासारखा आवाज असेल तर तो दमा असू शकतो. त्याला बाटली नव्हे, श्वासातून घ्यायचा पंप लागतो. आणि एनालाप्रिल, रामिप्रिल अशी रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर काही रुग्णांना चिवट कोरडा खोकला जडतो. अशांनी दहा बाटल्या प्यायल्या तरी तो जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, एवढेच.

लहान मुलांच्या बाबतीत

आतापर्यंतचे सारे मोठ्यांसाठी होते. लहान मुलांचा हिशोब वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यावा.

२०२५ च्या सप्टेंबरच्या सुमारास आपल्या नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, लहान मुले एकामागून एक आजारी पडू लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापाने. मग उलट्या, मग लघवी बंद. कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले, मूत्रपिंडे निकामी झाली होती. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपमध्ये वर सांगितलेलेच त्रिकूट होते, पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामिन. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या एसआर-१३ या बॅचच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. हे चवीला गोड, दिसायला पाकासारखे, उद्योगधंद्यात वापरले जाणारे रसायन आहे. औषधासाठी लागणारे शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रोपिलिन ग्लायकॉल महाग, हे स्वस्त. चाचणी न करता कच्चा माल वापरला की हे विष थेट चमच्यात उतरते.

महाराष्ट्राला हे नाव नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशातील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. मधल्या काळात कायदे झाले, आयोगाचे अहवाल आले, आणि रसायन तेच राहिले.

सगळ्याच बाटल्यांत विष असते असे नव्हे. बहुसंख्य बाटल्या शुद्धच असतात. परंतु मुद्दा असा की, या वयात त्या शुद्ध बाटलीचीही गरज नसते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देण्याजोगी नाहीत. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचे बंधन तर डिसेंबर २०२३ पासूनच आहे. लहान मुलात या औषधांचा फायदा सिद्ध झालेला नाही. गुंगी, झटके, हृदयाचे ठोके वाढणे हे तोटे मात्र माहीत आहेत. वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणे हे या वयाला साहजिक आहे. डॉक्टरांनी बाटली दिली नाही म्हणून "काही औषधच दिले नाही" अशी तक्रार करत दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या पालकांमुळेही बाटल्या लिहिल्या जातात.

तापासाठी मुलांना पॅरासिटामॉल द्यावे लागते, तेव्हा मात्रा वजनावर ठरते. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. येथे एक मोठा सापळा आहे. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांचे औषध चौपट तीव्र. "अर्धा चमचा सांगितला होता" म्हणून थेंबांच्या बाटलीतून अर्धा चमचा दिला तर मात्रा चौपट होते. शिवाय घरातला चमचा हे मापच नव्हे, कोणाचा तीन मिलिलिटरचा, कोणाचा सातचा. बाटलीबरोबर आलेले टोपण किंवा ड्रॉपरच वापरावा, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नये.

मग खोकणाऱ्या मुलाला द्यायचे काय? वरचेवर अंगावर पाजणे, कोमट पाणी, पेज. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध, याने रात्रीचा खोकला कमी होतो असे अभ्यासांतही दिसले आहे. वर्षाच्या आतील मुलाला मात्र मधाचे बोटही लावू नये. मधातील जंतूंमुळे त्या वयात अर्धांगासारखा गंभीर आजार होऊ शकतो. आंघोळ घालताना नाकात तेल सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, ती बंदच करावी. कापूर घातलेला बाम दोन वर्षांखालील मुलाला लावू नये. वाफेचे पातेले अंगावर सांडून भाजलेली मुले पाहिल्यावर वाफ देण्याचा उत्साह राहत नाही.

एक गोष्ट प्रत्येक आईने शिकावी. मूल शांत असताना, घड्याळ पुढ्यात ठेवून, पोट वर-खाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल, गुंगीत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग रात्र-दिवस न पाहता दवाखाना गाठावा. आशाताई आणि उपकेंद्रातील सिस्टर हे मोजणे शिकवतात, त्यांना विचारावे.

कोणतेही सिरप दिल्यानंतर मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नाही, तर औषध तेथेच थांबवावे. दवाखान्यात जाताना रिकामी असली तरी बाटली बरोबर घ्यावी. तिच्यावरचा बॅच क्रमांक पाहूनच डॉक्टर आणि औषध निरीक्षक गावातल्या उरलेल्या बाटल्या शोधू शकतात.